पहिली स्पोर्टिंग रायफल: घ्यायची कोणती, आणि अंगाला बसवायची कशी

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जिथे मी फार पसरलो तिथे थोडं आवरलंय, आणि आकडे नीट तपासून टाकलेत. बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे, सांभाळून घ्या.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. दोंडाईच्याच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, पहिली सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफल सेट कशी करायची, तिच्यावर काय काय बसवायचं, यावर एक एपिसोड करा ना." प्रश्न का आला ते कळतं. यूट्यूबवर अमेरिकन लोक गॅरेजमध्ये बसून रायफलीला दुर्बीण लाव, पकड बदल, चाप बदल असं करत असतात, आणि ते बघायला भारी वाटतं. तेव्हा पहिलं उत्तर सरळ देऊन टाकतो. आपल्याकडे तसं होत नाही, आणि करूही नका.

कायदा थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि सध्याचे नियम २०१६ चे. पूर्ण ऑटोमॅटिक हत्यार सामान्य नागरिकासाठी निषिद्धच आहे. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी, आणि पुढची गोळी यंत्र आपणहून चढवतं. अशा बंदुका नियमांच्या परिशिष्टात वरच्या, निर्बंध असलेल्या वर्गात येतात. तुमच्या-माझ्यासारख्याच्या साध्या परवान्यात त्या बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती.

आता गंमत बघा. नेमबाजीच्या खेळात रायफलीला सेमी-ऑटोमॅटिकची गरजच नाही. ऑलिम्पिकमध्ये रायफलीचे जे प्रकार आहेत, १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन, दोन्हीत प्रत्येक शॉटला हाताने छर्रा किंवा गोळी भरावी लागते. एक भरा, एक मारा. सेमी-ऑटोमॅटिक दिसतं ते २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात. २०१२ ला लंडनमध्ये विजय कुमारने रौप्यपदक मिळवलं ते त्याच प्रकारात. तो आर्मी मार्क्समनशिप युनिटचा, म्हणजे आपल्या शिरपूरहून आग्रा रोड धरून सेंधव्याच्या पुढे वर वर गेलं की जे महू लागतं, तिथला.

मग आपल्यासाठी पहिली स्पोर्टिंग रायफल म्हणजे एअर रायफल. नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, यापेक्षा जास्त नाही, आणि नळीतून बाहेर पडताना छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, अशा एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद करतो. ती पावती जपून ठेवा. का, ते पुढे येतंय.

हे सगळं मला आत्ता ताजं आहे, कारण माझ्या चुलतभावाची मुलगी नववीत आहे, दोन वर्षं नेमबाजी करते, आणि या दिवाळीनंतर घरात ठरलं की तिला स्वतःची रायफल घ्यायची. कापसाचे पैसे आले होते. भावाला त्यातून ठिबकचा संच बदलायचा होता. म्हणजे हा निर्णय काही हौसेचा नव्हता. घरात दोन रात्री चर्चा चालली. आजी म्हणाली, "पोरीले बंदूक कसाले जोयजे?" भाऊ हिशोब मांडत बसला. मी सॉफ्टवेअरवाला, बीटेक, त्यामुळे घरात कुठलीही वस्तू घ्यायची झाली की मला एक्सेल शीट करायला बसवतात. याहीवेळी बसवलं.

तिची खरी अडचण काय होती? ती क्लबच्या सामायिक रायफलीवर सराव करायची. तीच रायफल तिच्याआधी एक सहा फुटी मुलगा वापरायचा. रोज तो स्वतःच्या मापाने लावणार, मग ही येऊन परत फिरवणार किंवा तशीच मारणार. बहुतेक वेळा तशीच. परिणाम असा की मान पुढे ताणलेली, कंबर दुखणारी, आणि गुण दोन महिने एकाच जागी. आपण म्हणतो मुलीचं मन लागत नाही. अहो, माप दुसऱ्याचं आहे!

म्हणून कस्टमायझेशन या शब्दाचा आपल्यासाठी अर्थ एवढाच: रायफल शरीराला बसवणं. कारखान्याने जे स्क्रू फिरवायला दिलेत तेवढेच फिरवायचे. नळी कापणं, स्प्रिंग बदलून ताकद वाढवणं, आतला व्हॉल्व्ह उघडून दाब वाढवणं, हे प्रकार सोडून द्या. ताकद २० ज्यूलच्या वर गेली की तीच वस्तू परवान्याच्या वर्गात जाते, आणि तुमच्याकडे परवाना नाही. आणि खेळासाठी ताकद लागतच नाही. मॅच एअर रायफलीतून छर्रा साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो. छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. गणित करा, साडेसात ज्यूल येतात. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. जगज्जेता ठरवणारी रायफल गल्लीत कबुतरं मारायला विकल्या जाणाऱ्या रायफलीपेक्षा कमजोर असते. (कबुतरं मारू नका, तोही गुन्हा ठरू शकतो.)

आपल्या भागात हे जास्त ठासून सांगावं लागतं. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीचं नाव पेपरात कशासाठी येतं ते तुम्हाला माहीत आहे. गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतोय. त्यामुळे शिरपुरात लांब काळी बॅग घेऊन चाललेल्या माणसाकडे लोक बघतात, आणि पळासनेरच्या नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवून बॅग उघडायला लावली तर त्यात त्याचं काही चुकत नाही. पावती, क्लबचं किंवा जिल्हा संघटनेचं ओळखपत्र, स्पर्धेला चालला असाल तर प्रवेशाचा कागद, हे सगळं बॅगेच्या वरच्याच कप्प्यात. रायफल रिकामी, सिलिंडर काढलेला, नळीत केशरी रंगाची सेफ्टी फ्लॅग. ही फ्लॅग म्हणजे एक लांब दोरी असते, नळीत छर्रा नाही हे कुणालाही लांबून दिसावं म्हणून. रेंजवर ती सक्तीचीच असते, प्रवासातही लावा.

आता निवड. पहिल्या वर्षी तुम्ही ओपन साइटवर खेळत असाल, शालेय स्पर्धांत तो गट असतो, तर देशी स्प्रिंगची रायफल पुरते. नळी मोडायची, छर्रा घालायचा, बंद करायची, मारायचं. प्रिसीहोलसारख्या आपल्याच देशातल्या कंपन्या चांगल्या बनवतात. स्प्रिंगवाल्या रायफलीचा स्वभाव असा की आतला पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो आणि रायफल हलते. त्यामुळे पकड दर वेळी एकसारखी लागते. त्याचा त्रास होतो, पण शिस्तही येते.

पीप साइटवर, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांप्रमाणे गंभीरपणे खेळायचं ठरलं की मग कॉम्प्रेस्ड एअरची मॅच रायफल. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ, स्टायर ही जर्मन-ऑस्ट्रियन नावं. किंमत लाखांत जाते, आणि म्हणून बरेच पालक जुनी घेतात. आम्हीही जुनी घेतली.

जुनी घेताना सगळ्यात आधी सिलिंडर बघा. त्यात २०० बार दाबाची हवा असते. तुमच्या मोटरसायकलच्या टायरमध्ये दोनेक बार असते, म्हणजे शंभरपट. या सिलिंडरवर बनवल्याची किंवा मुदत संपण्याची तारीख कोरलेली असते, आणि उत्पादकांनी ठरवलेली मुदत साधारण दहा वर्षांची. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर आणला तर जबाबदारी खेळाडूची. एका विक्रेत्याने आम्हाला रायफल स्वस्तात देऊ केली होती. सिलिंडर पाहिला तर मुदत संपून तीन वर्षं झालेली. नवा सिलिंडर धरला तर सगळी स्वस्ताई तिथेच उडाली. शिवाय ४४ अंशांच्या मे महिन्यात भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवायचा नाही. सावलीत, अंगावर कपडा टाकून. आणि भरताना हवा कोरडी पाहिजे. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात आत ओल जाते. शक्यतो क्लबच्या मोठ्या टाकीतून भरा.

दुसरं, नंबर पावतीशी जुळतो का ते बघा, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. तिसरं, मागची साइट हाताने हलवून बघा, खुळखुळते का. बस.

एक मत, जे काही प्रशिक्षकांना पटणार नाही: पैसे कमी असतील तर रायफलीच्या आधी जॅकेट आणि पॅंट नीट मापाची घ्या. कॅनव्हास-चामड्याचं ते कडक जॅकेट पाठीचा कणा धरून ठेवतं. दुसऱ्याच्या मापाच्या जॅकेटमध्ये अडीच लाखांची रायफलही डुगडुगते. वाढत्या वयाच्या मुलांना जॅकेट दर दीड-दोन वर्षांनी लहान होतं, तेही हिशोबात धरा.

आता मुख्य भाग, रायफल बसवणं. इथे मी वेळ घेणार आहे.

आधी टार्गेट समजून घ्या, म्हणजे आपण कशासाठी एवढं करतोय ते कळेल. १० मीटरवरच्या कार्डावर दहाचं वर्तुळ हा फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. मधला काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्र्याची कड ठिपक्याला शिवली की दहा. म्हणजे छर्र्याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. हल्ली दशांशात गुण मोजतात, १०.९ सर्वोच्च, आणि प्रत्येक पॉइंट एक म्हणजे पाव मिलिमीटर. साठ शॉट, एक तास पंधरा मिनिटं, कमाल ६५४.

अडीच मिलिमीटर, दहा मीटरवर. मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर पाऊण मीटर धरा. मग साइट जुळवण्यात तुमची चूक ०.१९ मिलिमीटर झाली की दहा गेला. साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असते. दोन कागद. डोकं थोडं इकडेतिकडे झालं की एवढी चूक सहज होते, म्हणून डोकं दर शॉटला त्याच जागी यायला हवं. सगळं बसवणं त्याच्यासाठी आहे.

सुरुवात पायापासून. लोक साइटपासून सुरू करतात, ते उलटं आहे. रायफल हातात न घेता उभं राहायचं, पाय खांद्याएवढे, टार्गेटकडे डावी बाजू (उजव्या हाताच्या नेमबाजासाठी). मग डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं. कोपर हाडावर टेकलं म्हणजे रायफलीचं वजन हाड उचलतं, स्नायू नाही. स्नायू थरथरतो, हाड थरथरत नाही. ज्यांचं कोपर हाडापर्यंत पोचत नाही त्यांनी डाव्या हाताची पकड बदलायची: मूठ, किंवा बोटं पसरून, किंवा रायफलीखाली उंची वाढवणारा ठोकळा. आमच्या मुलीचे हात लांब, धड छोटं. तिला मूठ करून चाललं.

मग बट प्लेट, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा भाग. तो वरखाली सरकतो. उभ्याने मारताना तो खाली सरकवायचा, म्हणजे रायफल वर येते आणि मान सरळ राहते. मानेचा नियम सोपा: डोकं रायफलीकडे जाता कामा नये, रायफल डोक्याकडे आली पाहिजे. क्लबच्या रायफलीवर ती मान वाकवून बघायची, कारण बट प्लेट त्या उंच मुलाच्या मापाने होती. आम्ही ती दीड सेंटीमीटर खाली आणली आणि मान उभी झाली. तिचं पहिलं वाक्य, "काका, आता समोरचं सगळं दिसतंय."

लांबी, म्हणजे बट प्लेटपासून चापापर्यंतचं अंतर. रायफल खांद्याला लावल्यावर उजव्या तर्जनीचं पहिलं पेर चापावर काटकोनात आलं पाहिजे, आणि बोटाची बाकीची बाजू लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला घासली नाही पाहिजे. घासलं की चाप ओढताना रायफल बाजूला ढकलली जाते. जॅकेट घालूनच मोजा, त्याची जाडी धरावी लागते.

मग गालाचा आधार, चीक पीस. इथे एक चाचणी आहे, ती मला फार आवडते, कारण तिच्यात स्वतःला फसवता येत नाही. डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मान सैल सोडा. आता डोळा उघडा. मागच्या साइटच्या छिद्रातून पुढचं वर्तुळ बरोबर मध्यात दिसतंय? दिसत नसेल तर डोकं हलवू नका. चीक पीस हलवा. वर, खाली, आत, बाहेर. मग परत डोळे मिटून. वीस वेळा केलं तरी चालेल. मागची साइट डोळ्यापासून पाचेक सेंटीमीटर ते आठेक सेंटीमीटर. फार जवळ नको, फार लांब नको.

याच मालिकेतली दुसरी चाचणी म्हणजे नैसर्गिक नेम. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रायफल आता जिकडे बघतेय तो तुमच्या शरीराचा खरा नेम. ती टार्गेटच्या उजवीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणायची नाही. मागचा पाय थोडा सरकवा, अख्खं शरीर फिरतं. हाताने ओढलेला नेम चाप ओढला त्या क्षणी परत आपल्या जागी जातो.

आता तिरकेपणा. उभ्याने मारताना बरेच जण रायफल चेहऱ्याकडे थोडी कलती धरतात. ते चालतं. पण दर वेळी तेवढीच कललेली पाहिजे. का, त्याचं गणित करून दाखवतो. १७० च्या वेगाने दहा मीटर जायला ०.०५९ सेकंद लागतात. तेवढ्यात छर्रा गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिलिमीटर खाली पडतो. साइट ही पडझड भरून काढायला नळी तेवढी वर बघत असते. रायफल पाच अंश कलली की ती भरपाईही पाच अंश कलते, आणि छर्रा सुमारे दीड मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे सहा दशांश गुण गेले. पाच अंश म्हणजे डोळ्याला सहसा कळतही नाही एवढं. म्हणून पुढच्या साइटमध्ये एक छोटी स्पिरिट लेव्हल मिळते, गवंड्याकडे असते तसली. सरावात वापरा, आणि तुमचा कल किती ते वहीत लिहून ठेवा.

पुढचं वर्तुळ केवढं घ्यायचं? हा प्रश्न मला तीन जणांनी विचारलाय. डोळ्यापासून पुढची साइट ९० सेंटीमीटरवर असेल, तर तिथे ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल सुमारे २.७ मिलिमीटरचा दिसतो. ४ मिलिमीटरचं वर्तुळ घेतलं तर भोवती सगळीकडे ०.६ मिलिमीटर पांढरी कड उरते. नवशिक्याला लहान वर्तुळ घ्यावंसं वाटतं, कारण नेम 'अचूक' वाटतो. होतं उलटं. कड बारीक झाली की जराशा हालचालीने गोल वर्तुळाला चिकटतो, मुलं घाबरून श्वास रोखतात आणि चाप ओढायला उशीर करतात. मोठं घ्या. हालचाल दिसू द्या. ती सगळ्यांचीच दिसते.

साइटचे क्लिक. प्रत्येक कंपनीच्या नॉबवर बाणांचा अर्थ वेगळा असू शकतो, जर्मन अक्षरं असतात. पुस्तकात शोधत बसू नका. पाच शॉट मारा, दहा क्लिक एका दिशेने द्या, परत पाच मारा, दोन गटांच्या मध्यातलं अंतर मोजा, दहाने भागा. तुमच्या रायफलीचा एक क्लिक किती ते कळलं, दिशाही कळली. आणि एका शॉटवरून साइट हलवायची नाही. कधीच नाही. गट बघून हलवायची.

साइटला हात लावताना डोकं थंड लागतं, याची मोठी गोष्ट बीजिंगची. २००८ ला अभिनव बिंद्रा अंतिम फेरीला उभा राहिला, चाचणीचा पहिला शॉट मारला, तो चारमध्ये गेला. त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय की साइट बिघडलेली होती. त्याने चाचणीच्या वेळातच ती परत जुळवली, आणि शेवटचा शॉट १०.८. भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. आता कल्पना करा, स्वतःच्या क्लिकचा हिशोब पाठ नसता तर त्या दोन-चार मिनिटांत काय केलं असतं?

चाप. मॅच रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा असतो: आधी हलकं अंतर, मग भिंत, मग सुटका. १० मीटर एअर रायफलीला चापाच्या वजनावर किमान मर्यादा नाही, त्यामुळे मोठे खेळाडू तो अगदी हलका ठेवतात, श्वास लागला तरी सुटेल असा. मुलांना तसा देऊ नका. भिंत बोटाला स्पष्ट कळली पाहिजे. महिने जातील तसा हलका करा. मॅच रायफलीत कोरडा सराव करायची कळ असते, छर्रा आणि हवा न वापरता चाप चालतो. आमच्याकडे दिवसाच्या सरावाचा निम्मा भाग असाच होतो, फुकट आणि शांत. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र रिकामा चाप ओढू नका, पिस्टन आपटून खराब होतो.

वजन. नियमाने रायफल साइटसकट साडेपाच किलोपर्यंत चालते. नळीवर वजनं लावली की ती स्थिर होते, हे खरं. पण चौदा वर्षांच्या मुलीला साठ शॉट ती पेलायची आहे, पाठ वाकवून. आम्ही जुन्या मालकाने लावलेली पुढची सगळी वजनं काढली. सहा महिन्यांनी एक परत लावू. पाठदुखीवर कुठलाही गुण महाग आहे.

छर्रे सपाट डोक्याचे घ्या, कार्डावर स्वच्छ गोल भोक पडतं. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप असतं. कुठलं चांगलं? तुमची नळी ठरवते. तीन मापांचे थोडे थोडे घ्या, रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येकी दहा मारा, सगळ्यात दाट गट ज्याचा तो घ्या, आणि त्याच लॉटचे दोन-चार डबे एकदम. आणि हे लिहून ठेवा: छर्रे शिशाचे असतात. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना डब्याला, बाटलीला, शेवेच्या पुडीला हात लावू द्यायचा नाही. छर्रे तोंडात धरायची सवय काही जणांना असते. एकदा दिसलं तर तिथेच थांबवा.

घरी रेंज करणाऱ्यांसाठी. गच्चीवर नको, छर्रा कठड्यावरून गेला तर तुमच्या हातात काही उरत नाही. आमच्या भावाचं कापसाचं गोडाऊन पावसाळ्यात रिकामं असतं, तिथे आम्ही दहा मीटर आखले. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर. मागे तिरप्या पत्र्याची लोखंडी पेटी, तिच्यामागे भिंत, आणि टार्गेटच्या बाजूला जे दार उघडतं त्याला आतून कुलूप. कार्डावर उजेड किमान १५०० लक्स; मोबाइलवरच्या ॲपने मोजला, दोन एलईडी लावले, झालं. मारणारा आणि कार्ड बदलणारा एकाच वेळी हालचाल करत नाहीत. कार्ड बदलायला कुणी पुढे जायच्या आधी रायफल खाली, फ्लॅग आत. या बाबतीत आमच्याकडे भावालाही सूट नाही, आणि त्याने एकदा मागितली होती.

पुढचा रस्ता कसा असतो हेही विचारलं होतं. जिल्हा, मग राज्य, मग विभागीय पात्रता, मग मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. १९५१ ला नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली तिचेही पहिले अध्यक्ष तेच. आपल्या राज्याची रायफलीची परंपरा तर विचारू नका. अंजली भागवत २००० ला सिडनीत अंतिम फेरीत. सुमा शिरूर २००४ ला आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४००. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत १० मीटरचा जगज्जेता. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्याने १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. तो क्रीडा प्रबोधिनीतून घडला, नाशिकला. म्हणजे आपल्यापासून धुळे, मालेगाव, नाशिक, एवढंच.

आमच्या मुलीचं काय? रायफल लावून सहा आठवडे झालेत. कंबर दुखत नाही, हे पहिल्या पंधरा दिवसांतच झालं. गट दाट झालाय, पण तो अजून थोडा डावीकडे वर जातो, आणि ते साइटचं नाही, चाप ओढताना अंगठा दाबते त्याचं आहे असा माझा अंदाज. वही आहे, त्यात रोजचा कल, क्लिक, सिलिंडरचा दाब आणि शेवटी तिचा एक शब्द लिहिलेला असतो. परवाचा शब्द होता "भूक". जिल्हा स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. ठिबकचा संच जुनाच आहे, भाऊ गळक्या नळ्यांना गोंद लावून यंदाचा हरभरा काढतोय.

जाता जाता एक प्रश्न राहिलाय, शिंदखेड्याच्या ताईंचा: एसटीने रायफल नेता येते का? त्यांच्या मुलाची स्पर्धा आहे. ताई, निघायच्या आदल्या दिवशी आगारात जाऊन विचारा आणि कागद दाखवा, कंडक्टरला आयत्या वेळी समजावत बसू नका. सिलिंडरमधली हवा घरूनच सोडून न्या, स्पर्धेच्या ठिकाणी भरून मिळते. आणि बॅग वरच्या रॅकवर नको, पायाजवळ ठेवा. साइटला धक्का लागला तर पोचल्यावर पहिले पाच शॉट फक्त क्लिक शोधण्यात जातील.